मदत हवी आहे: इंजिन ऑइल पितंय, इनटेक व्हॉल्व्हवर काजळी

मंडळी, गाडी टर्बो पेट्रोल, डायरेक्ट इंजेक्शनची. ८०,००० किमी झालेत. हल्ली दर हजार किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल गायब होतं. खाली एक थेंब नाही, कूलंट स्वच्छ. सकाळी पहिल्या स्टार्टला इंजिन हुडहुडी भरल्यासारखं थरथरतं, मग शांत. इनटेक मॅनिफोल्ड काढून बघितलं तर व्हॉल्व्हच्या मानेवर डांबरासारखा थर, नखाने खरवडला तरी निघेना.

कारण कळतं. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उडतं, त्यामुळे व्हॉल्व्ह धुतलेच जात नाहीत आणि पीसीव्हीतून (इंजिनच्या पोटातली वाफ परत इनटेकमध्ये सोडणारा व्हॉल्व्ह) येणारी ऑइलची वाफ तिथेच भाजते. टोयोटाने डी-४एस इंजिनात पोर्टमध्येही (व्हॉल्व्हच्या आधीच्या हवेच्या वाटेत) इंजेक्टर दिलेत ते यासाठीच उपयोगी पडतात. आपल्या नशिबी ते नाही!

पण ऑइल नेमकं जातंय कुठून? पीसीव्हीचा डायफ्राम फाटलाय, व्हॉल्व्ह स्टेम सील (व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल खाली उतरू न देणारे रबरी सील) कडक झालेत, की पिस्टनच्या ऑइल रिंगा चिकटल्यात? मेकॅनिक थेट इंजिन खोलायचं म्हणताहेत. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरचं ठीक आलं, पण चिकटलेली ऑइल रिंग त्यात पकडली जात नाही ना? अक्रोडाच्या टरफलांचं ब्लास्टिंग केलं (टरफलांचा भुगा हवेच्या दाबाने मारून थर काढला) आणि वाफेतलं ऑइल वेगळं करणारा ऑइल सेपरेटर जुनाच ठेवला, तर थर पुन्हा किती लवकर धरतो? कॅच कॅन (वाफेतलं ऑइल इनटेकआधीच अडवणारा डबा) कोणी लावलाय का?