एका भागापुरता आलेला नट: नेमकं काय पाहायचं?

तिसरी घंटा:
जुन्या सिटकॉममध्ये, म्हणजे विनोदी मालिकांमध्ये, एका भागापुरता आलेला नट कधीकधी अख्खा भाग खाऊन टाकतो. नेहमीची पात्रं आपल्या ओळखीची असतात, याच्या हातात मात्र जेमतेम पाच-सात मिनिटं. एकांकिकेत छोटी भूमिका करणाऱ्यांना दाखवावेत असे प्रसंग सुचवा. आणि त्यात काय पाहायचं, तेही.

विंगेतला:
'फॉल्टी टॉवर्स' ही हॉटेलात घडणारी ब्रिटिश मालिका घ्या. १९७५ आणि १९७९ मिळून १२च भाग. १९७९च्या 'कम्युनिकेशन प्रॉब्लेम्स'मध्ये जोन सँडरसन यांच्या मिसेस रिचर्ड्स आहेत. बाईंना ऐकू कमी येतं, पण बॅटरी संपेल म्हणून त्या श्रवणयंत्र बंद ठेवतात. हॉटेलमालक बेसिल नुसते ओठ हलवतो, बाई यंत्राचा आवाज वाढवतात, मग तो ओरडतो. विनोद उभा आहे तो त्या काटकसरीवर आणि हट्टावर. सँडरसन बहिरेपणा करतच नाहीत, त्या हक्काने भांडणारं गिऱ्हाईक करतात. तालमीत चूक हटकून इथे होते: नट व्यंग पकडतो आणि पात्राला काय हवंय ते विसरतो. मग पहिल्या हशानंतर चढायला जागाच उरत नाही.

१९७५च्या 'द हॉटेल इन्स्पेक्टर्स'मधला बर्नार्ड क्रिबिन्सचा चमचे विकणारा हचिन्सनही बघा. साध्या मागणीला एवढं लांबलचक वाक्य, की बेसिलला मध्ये शिरायला फट मिळत नाही.

रिवाइंड:
'साइनफेल्ड' या अमेरिकन मालिकेचा १९९१चा 'द लायब्ररी' हवाच! नायक जेरीने १९७१ साली नेलेलं पुस्तक वसूल करायला लायब्ररीचा माणूस येतो, लेफ्टनंट बुकमन. फिलिप बेकर हॉल त्याला खुनाचा तपास करणाऱ्या जुन्या पोलिसासारखा करतात. आपण विनोदी मालिकेत आहोत हे त्या पात्राला ठाऊकच नाही. समोर जेरीला हसू आवरत नाही, हॉल मात्र बेअरिंग, म्हणजे पात्राचा आव, सोडत नाहीत.

हा प्रसंग तीनदा लावा: एकदा नेहमीसारखा, एकदा आवाज बंद करून, एकदा नुसता ऐकून. ऐकताना हशाकडे कान द्या. हशा उतरणीला लागला की पुढचं वाक्य यायला हवं. आधी टाकलं तर ते बुडतं, पूर्ण शांततेची वाट पाहिली तर वेग जातो.

कट्टेकरी:
विंगेतला, व्यंगाबद्दल पूर्ण सहमत नाही. 'साराभाई वर्सेस साराभाई'मधल्या मधुसूदन फुफांचं (अरविंद वैद्य) सगळं भांडवल कमी ऐकू येणं हेच आहे. त्यांचा 'हैं?' समोरच्याचं वाक्य नेमकं कुठे तोडतो ते पाहा. ते चालतं, कारण फुफा अधूनमधूनच येतात. रोज आले असते तर तोच 'हैं?' कंटाळवाणा झाला असता. देवेन भोजानींचा दुष्यंतही तसाच. उपकरण बिघडल्याचं कानावर आलं की स्वारी त्याची आतली रचना समजावत सुटते. मालिकेचं दिग्दर्शनही भोजानींचंच.

आणि सतीश शहा विसरू नका. १९८४च्या 'ये जो है जिंदगी'त ते जवळजवळ प्रत्येक भागात नवी भूमिका करत, म्हणजे कायमचा पाहुणा. लागोपाठ दोन भाग लावा आणि चाल, बोलण्याची लय, बसण्याची ढब यांतलं काय बदललंय ते लिहून काढायला सांगा. मुलं आधी मिशी आणि टोपीच लिहितील. ते खोडून पुन्हा बघायला लावा.