मदत हवी आहे: उतारावर घर बांधतोय, मागची जमीन सरकतेय का?

नमस्कार मंडळी, उतारावरच्या प्लॉटवर घराचं काम काढलंय, जागा सपाट करायला मागची बाजू जेसीबीने जवळजवळ ३ मीटर सरळ उभी कापली आणि निघालेली माती पुढच्या अंगाला भराव म्हणून टाकली. परवाच्या पावसानंतर वर चढून बघितलं तर कापलेल्या कडेपासून दोन हातांवर जमिनीला लांब चीर पडलीय, बोट सहज आत जातं, आणि खाली मातीतून गढूळ पाणी झिरपतंय. तेव्हापासून झोप उडालीय, लहान मुलं राहणार आहेत हो त्या घरात.

कॉन्ट्रॅक्टर म्हणतो रिटेनिंग वॉल (माती अडवणारी भिंत) बांधली की झालं, पण भिंतीत पाणी बाहेर जायला पाईप आणि मागे खडीचा थर नसेल तर साठलेल्या पाण्याच्या दाबानेच भिंत ढकलली जाते ना? माझ्या मते आधी वरून येणारं पाणी चर खणून बाजूला काढायला हवं. माती धरून ठेवायला वाळा (खस गवत) लाव असंही सांगतात, मुळं खोल जातात हे खरं, पण सरकणारा थर त्याच्याही खाली असेल तर?

सध्या काम थांबवलंय. भरावावर पाया नकोच ना, मूळ घट्ट जमिनीपर्यंत न्यायचा? उभा काप पायऱ्यापायऱ्यांचा करून घेऊ का? आणि माती परीक्षणाला जिओटेक्निकल (माती-जमिनीचा) इंजिनिअरच बघावा की स्ट्रक्चरलवाला (इमारतीच्या बांधणीचा) चालेल? ज्यांनी असं बांधलंय त्यांनी प्लीज सांगा.