मदत हवी आहे: चिपळूणहून पुण्याला जाणारा बॅकअप अर्ध्यातच तुटतो

मंडळी, पंधरा दिवस डोकं खाजवतोय. चिपळूणच्या ऑफिसातला डेटा रोज रात्री ११ वाजता पुण्यातल्या नॅसवर (नेटवर्कला जोडलेला साठवणीचा डबा) पाठवतो. मध्ये वायरगार्ड (व्हीपीएन, दोन ऑफिसांमधला सुरक्षित बोगदा), त्यातून एसएसएच या सुरक्षित जोडणीवर आरसिंक (फायली कॉपी करणारा प्रोग्रॅम). छोट्या फायली पटापट जातात. ३८ जीबीची डेटाबेसची फाईल आली की वेग उतरत उतरत शून्यावर येतो आणि सकाळी लॉगमध्ये एकच ओळ: 'ब्रोकन पाइप', म्हणजे जोडणी मध्येच तुटली. तोच नॅस इकडे आणून एकाच स्विचवर लावला, तर सगळं सुरळीत. म्हणजे डिस्कची तक्रार नाही.

आधी एमटीयूचा (एका पॅकेटचा कमाल आकार) संशय आला. तुकडे न करण्याचा पर्याय लावून पिंग केलं, तर १३९२ बाइट अडकले, १३५२ गेले. म्हणून (१३५२ अधिक २८ बाइट हेडर धरून) वायरगार्डचा एमटीयू १४२० वरून १३८० केला. फरक पडला, पहिल्या रात्री १२ जीबी गेलं. आरसिंकचा 'पार्शल' पर्याय (अर्धवट आलेली फाईल ठेवून देणारा) लावलाय, त्यामुळे दुसऱ्या रात्री तिथून पुढे जायला हवं. पण आरसिंक आधी तिकडचा तुकडा वाचून पडताळतो, नॅस जुना, तेवढा वेळ लाइनवर शुकशुकाट. बहुतेक तेव्हाच मधला राउटर जोडणी विसरतो. (कस्टमर केअरचा सल्ला: मोडेम बंद करून चालू करा. केला, चार वेळा.)

आता एसएसएचचा सर्व्हर-अलाइव्ह ३० सेकंद आणि वायरगार्डचा कीप-अलाइव्ह २५ सेकंद (दोन्ही म्हणजे जोडणी जागी ठेवायला ठरावीक वेळाने जाणारे छोटे संदेश), दोन्ही लावू की एक पुरे? की फाईलच १-१ जीबीच्या तुकड्यांत फोडून पाठवू? कुणी केलंय का असं? लॉग हवा असेल तर टाकतो.