ग्रँड पियानोसाठी खोली केवढी हवी?

एडिसनहून:

नमस्कार मंडळी,

लेक आठ वर्षं पियानो शिकतेय. तिच्या बाई म्हणतात, आता अपराइटवर (उभ्या पियानोवर) तिची बोटं अडतात, ग्रँड (आडवा, मोठा) बघा. वापरलेला यामाहा सी-३ मिळतोय, ६ फूट १ इंच लांब. आमची फॅमिली रूम १२ बाय १४, छत ८ फुटांवर, लाकडी जमीन. मावेल का? की ५ फुटी बेबी ग्रँड घ्यावा? कुणाला अनुभव असेल तर नक्की सांगा.

प्रिन्स्टनहून:

ताई,

मावेल. लांबीला ६ फूट, मागे बाक आणि वाजवणारी मिळून ३ फूट. १४ पैकी ९ झाले. रुंदी जेमतेम ५ फूट. खर्जाकडची सरळ बाजू भिंतीला लावा. झाकण दुसऱ्या बाजूला उघडतं, आवाज तिकडे जातो, म्हणून ती बाजू खोलीकडे हवी.

बेबी ग्रँडचं मात्र माझं ऐका. खोली लहान म्हणून ११ वर्षांपूर्वी मी तोच घेतला. त्यात खर्जाच्या तारा आखूड, म्हणून जाड कराव्या लागतात. जाड तार ताठ असते, तिचे उपस्वर (मूळ सुरासोबत उमटणारे बारीक सूर) जागेवरून सरकतात. डाव्या हाताचं शेवटचं सप्तक नुसतं घुमतं, सूर कळतच नाही. दोनदा तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांचं काम करून घेतलं, सुरात लावणारे दर सहा महिन्यांनी येतात. तारेची लांबी थोडीच वाढणार? ५२ इंची चांगला अपराइट त्याहून भरदार वाजतो.

पण लेकीची अडचण आवाजाची नाही, यंत्रणेची आहे. अपराइटचा हातोडा आडवा मारतो, त्याला मागे आणायला स्प्रिंग लागते. ग्रँडचा स्वतःच्या वजनाने खाली येतो, आणि पट्टी पूर्ण वर येण्याआधीच पुन्हा वाजते. पॅरिसच्या एरारने १८२१ मध्ये ही युक्ती पेटंट केली, तेव्हापासून जलद ट्रिल (शेजारचे दोन सूर भराभर आलटून पालटून वाजवणं) सोपी झाली. म्हणून बाई बरोबर सांगताहेत.

लाकडी जमीन आणि ८ फुटांचं छत म्हणजे आवाज फार टोचेल. पियानोखाली जाड सतरंजी टाका, समोरच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट. रोजच्या रियाजाला झाकण बंद किंवा छोट्या काठीवर. पुढे ऐकवायला बसली की पूर्ण उघडा.

जर्सी सिटीहून:

काकांनी सगळं सांगितलं, एक राहिलं: हीटिंगचा व्हेंट (गरम हवा येते ती जाळी) कुठे आहे? आमच्या पियानोखाली जमिनीत होता, लक्षात आला नाही. जानेवारीत घरातली आर्द्रता २२ टक्क्यांवर गेली, दुसऱ्याच हिवाळ्यात साउंडबोर्डला (तारांचा आवाज मोठा करणाऱ्या लाकडी फळीला) चीर पडली. तो स्प्रूस लाकडाचा असतो, उन्हाळ्यात फुगतो, थंडीत आकसतो. त्या दिवशी मी खूप रडले. आता ह्युमिडिफायर लावून ४० ते ५० टक्के राखतो. थेट उन्हातही ठेवू नका.

एडिसनहून:

काका, ताई, मनापासून आभार.

काल मुलांच्या वह्यांना कव्हर घालायचा ब्राऊन पेपर चिकटवून पियानोचा आकार कापला आणि जमिनीवर पसरला. लेक स्वयंपाकघरातलं स्टूल आणून त्याच्यापुढे बसली. जागा पुरते, दार मोकळं राहतं, पण कागदाच्या निमुळत्या टोकाखालीच व्हेंट आहे. म्हणून सगळं समोरच्या भिंतीला नेलं. तो गणपतीचा कोपरा. गणपती जेवणाच्या खोलीत बसवू, यजमानांनाही पटलंय.

व्हेंट बंद करून हवा दुसरीकडून वळवता येईल का, ते हीटिंगवाल्याला विचारते. वजन ३२० किलो आणि घर १९५० च्या सुमाराचं, म्हणून तुळया कुठल्या दिशेने आहेत तेही तळघरातून बघायचंय. काका, शनिवारी पियानो बघायला जायचंय, तुम्ही सोबत याल का? खालचं सप्तक तुमच्या कानाने ऐकलं म्हणजे मला धीर येईल. येताना मोजायची पट्टी मी आणते.