अनुभव धागा : ‘त्रास दिला’ हे इंग्रजीत कसं सांगितलंत?

मराठीत डास त्रास देतात, शेजारी त्रास देतात आणि नको तिथे हात लावणाराही ‘त्रासच’ देतो. इंग्रजीत प्रत्येकाला वेगळा शब्द आहे, आणि चुकीचा पडला की कधी कधी फार महागात पडतं. तुमचे अनुभव लिहा. सुरुवात माझ्यापासून.

नोकरीचं दुसरं वर्ष. एक वरिष्ठ रात्री अकरानंतर मेसेज करायचे, जिन्यात वाट अडवायचे. तक्रारीत मी लिहिलं, ‘ही डिस्टर्ब्ज मी.’ तोंडात तोच शब्द बसलेला. चार दिवसांनी माझं टेबल खिडकीपाशी हलवलं, ‘आता तिथला आवाज येणार नाही’ म्हणून! डिस्टर्ब म्हणजे कामात, झोपेत व्यत्यय. तो कागद हातात धरून मी कितीतरी वेळ बसले होते. मग ताईने पुन्हा लिहून घेतलं : हॅरॅस. नको म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा मागे लागणं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याच्या इंग्रजी नावातही हाच शब्द आहे. तारखा, वेळा घातल्या. या वेळी समितीपुढे बोलावणं आलं.

*

मी इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते. वर्गातली मुलं लेकाची टोपी पळवायची. शिक्षिकेला चिठ्ठी दिली, ‘माय सन इज डिस्टर्ब्ड.’ संध्याकाळी काळजीने फोन : घरी काही घडलंय का? नीट झोपतो ना? त्यांना वाटलं, पोराचं मनच ठिकाणावर नाही. मी म्हटलं, मुलं टीज करतात हो. त्या म्हणाल्या, रोज होत असेल तर ते बुली करणं आहे, तसंच लिहा.

*

साहेबांना मेलमध्ये ‘सॉरी टू इरिटेट यू’ लिहायचो. ‘बॉदर’ हवं होतं. बॉदरमध्ये तुमचा वेळ घेतोय एवढाच संकोच असतो. इरिटेट म्हटलं की साहेब वैतागलेत, हे आपणच ठरवून टाकतो.

*

बार्सिलोनात हॉटेलच्या दाराला पाटी : ‘नो मोलेस्तार’. बायको दचकलीच. स्पॅनिशमध्ये अर्थ साधा, ‘व्यत्यय आणू नये’. पूर्वी इंग्रजीतही मोलेस्ट म्हणजे नुसता त्रास देणं असायचं. आता तो शब्द बहुतेक वेळा लैंगिक अत्याचारासाठीच वापरतात.

*

आमच्या वेळी एसटी स्टँडवर पोरं मुलींची छेड काढायची, त्याला पेपरात ‘ईव्ह टीजिंग’ छापायचे. मला अजून राग येतो त्या शब्दाचा. टीज माझा भाऊ करायचा, वेणी ओढून. त्या पोरांपायी माझ्या मैत्रिणीचं कॉलेज सुटलं.