मदत हवी आहे: विंडोज सोडून कायमचं लिनक्सवर जायचंय, स्क्रीन रीडरवाल्यांनी सांगा

नमस्कार मंडळी,

मी फोंड्याचा, पूर्ण अंध. माझा कॉम्प्युटर चालतो तो कानांवर आणि कीबोर्डवर; पडद्यावरचं सगळं स्क्रीन रीडर नावाचा प्रोग्राम वाचून दाखवतो. त्यामुळे 'वर उजव्या कोपऱ्यात चक्राचं चिन्ह दिसेल, त्यावर क्लिक करा' छापाची उत्तरं कृपया नकोत, ती यूट्यूबवर मुबलक आहेत.

इतकी वर्षं विंडोज आणि त्यावरचा एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या एका अंध तरुणानं हा फुकटचा स्क्रीन रीडर लिहायला घेतला नसता, तर जॉज या विकतच्या स्क्रीन रीडरच्या लायसन्सचे पैसे जमवण्यातच आम्ही म्हातारे झालो असतो. अडचण लॅपटॉपची आहे. इंटेलचा सातव्या पिढीचा आय-फाइव्ह. विंडोज ११ ला आठवी पिढी आणि टीपीएम २.० हे सुरक्षेचं मॉड्यूल लागतं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. यंत्र मात्र ठणठणीत, एसएसडी आणि जादा रॅम टाकून घेतलेली. ते भंगारात घालायचं जिवावर येतं.

म्हणून पेनड्राइव्हवर उबंटू माटे हा लिनक्सचा एक प्रकार घेऊन बघितला. सुरू झाल्यावर ऑल्ट, सुपर आणि एस एकत्र दाबलं आणि ऑर्का, म्हणजे लिनक्सचा स्क्रीन रीडर, बोलायला लागला. आवाज तोच, ईस्पीक एनजी या बोलक्या प्रोग्रामचा, त्यामुळे परकं वाटलं नाही. फायरफॉक्समध्ये एच दाबून हेडिंग, के दाबून लिंक, हेही ओळखीचं. थंडरबर्ड आणि लिब्रेऑफिस रायटर चालतात. मराठी वाचतो, कोकणीसुद्धा.

पण पेनड्राइव्हवर बघणं वेगळं आणि रोज त्यावर पोट भरणं वेगळं. अडलंय ते असं:

एक, दोन्ही सिस्टिम ठेवल्या तर सुरुवातीला कुठली सिस्टिम उघडायची ते विचारणारा ग्रबचा मेनू येतो आणि तो मुका. मी कुठल्या ओळीवर आहे ते कसं कळणार?

दोन, मध्येच ऑर्का गप्प झाला की काय करायचं? विंडोजमध्ये कंट्रोल-ऑल्ट-एन मारलं की एनव्हीडीए उठतो. इथे तसं काही आहे का?

तीन, मी इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्ड लेआउटमध्ये टाइप करतो. माटेमध्ये मराठी लेआउट मिळाला, पण माझ्याकडे बदललेला लेआउट ऑर्का सांगत नाही. अर्धी ओळ लिहून झाल्यावर कळतं की इंग्रजीतच चाललंय.

आणि खरं दुखणं रीपर या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रामचं. भजनी मंडळांची, घुमट या मातीच्या तालवाद्यावरच्या आरत्यांची रेकॉर्डिंग करून देतो. गणेश चवथीच्या आधीचे दोन महिने हेच काम. रीपरबरोबर ओसारा हे अंधांसाठीचं जोडसॉफ्टवेअर असतं, ते ट्रॅकचं नाव बोलतं, कर्सर कुठल्या मापावर आहे ते सांगतं. घुमट जोरात पडून आवाज फुटायला लागला तर ओसारातला पीक वॉचर लगेच कानात सांगतो, मग मी माइक मागे घ्यायला सांगतो. एस दाबून तुकडा पाडायचा, मधला खोकला काढायचा, पुढे जायचं. रीपर लिनक्सवर आहे हे माहीत आहे, पण ओसारा विंडोज आणि मॅकसाठी बनलेलं. त्याशिवाय रीपर म्हणजे माझ्यासाठी नुसती शांतता. कुणी या वाटेनं गेलंय का?

प्रतिसाद

नवा लॅपटॉप घ्या आणि मोकळे व्हा. लिनक्स डोळसांनाच जमत नाही.

प्रतिसाद

वरच्यांकडे दुर्लक्ष करा. मी अल्पदृष्टी आहे, मडगावला असतो, रोजचं काम लिनक्सवरच.

ग्रबला बोलता येत नाही, पण पिपाणी वाजवता येते. /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब या फाइलमध्ये ग्रब_इनिट_ट्यून अशी ओळ असते, तिच्यापुढचं चिन्ह काढून अपडेट-ग्रब चालवा. मेनू आला की बीप. मात्र बऱ्याच लॅपटॉपना तो जुना स्पीकरच नसतो. त्यापेक्षा मेनूच्या नादी लागू नका. त्याच फाइलमध्ये ग्रब_डिफॉल्ट 'सेव्ह्ड' ठेवा आणि विंडोज हवं असेल तेव्हा लिनक्समधूनच ग्रब-रीबूट कमांड द्या. पुढच्या एका वेळेपुरतं विंडोज उघडेल, नंतर पुन्हा लिनक्स.

ऑर्का अडकला तर 'ऑर्का --रिप्लेस' ही कमांड. ती आजच एका शॉर्टकटला बांधून ठेवा, अडकल्यावर बांधता येणार नाही.

लेआउटसाठी दोन वेगळे शॉर्टकट करा, एक इंग्रजीचा, एक मराठीचा. प्रत्येकात सेटएक्सकेबीमॅप कमांडनं लेआउट बदला आणि पुढे एसपीडी-से ही बोलणारी कमांड लावून त्याच्याकडून 'मराठी' किंवा 'इंग्रजी' वदवून घ्या. हे एक्स-इलेव्हन या जुन्या पडदा-यंत्रणेवरच चालतं, म्हणून माटे सोडू नका. उबंटूच्या मुख्य आवृत्तीत २५.१० पासून ग्नोम डेस्कटॉप फक्त वेलँड या नव्या पडदा-यंत्रणेवर आहे.

प्रतिसाद

ॲक्सेसिबल कोकोनट बघितलंत का? आपल्याच देशात अंधांसाठी तयार केलेली सिस्टिम, उबंटू माटेवरच बेतलेली. कागद स्कॅन करून वाचायला लिओस लागेल, तेही आपल्याकडचंच, केरळातलं. डेबियन हे दुसरं लिनक्स टाकायचं असेल तर इन्स्टॉलर सुरू झाल्यावर एस आणि एंटर दाबा, तो बोलत बोलत पुढे नेतो.

रीपरबद्दल स्पष्ट सांगतो, लिनक्सवर ओसाराची जागा घेईल असं काही माझ्या हाताला लागलेलं नाही. कमांड लाइनवर आवाजावर काम करणारं सॉक्स आहे, एकासाउंड या ध्वनी-प्रोग्रामवर चालणारं नामा हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आहे. दोन्ही चांगली. पण ऐन हंगामात नवं अवजार हातात घेऊ नका.

धागाकर्ता

सर्वांचे आभार, नवा लॅपटॉप सुचवणाऱ्यांचेही. त्यांनी पैसे पाठवले तर विचार करू.

ठरवलंय ते असं. लिनक्स मुख्य. टपाल, बँक, लिखाण, मंडळांचे हिशेब सगळं तिथे. विंडोजला डिस्कचा एक कोपरा, त्यात रीपर आणि ओसारा, आणि ब्राउझिंग अजिबात नाही. इंटरनेट बंदच ठेवीन म्हणजे सपोर्ट संपल्याची धास्ती नको. याला 'कायमचं' म्हणायचं की नाही यावर वाद घालायला मी तयार आहे, पण चवथ झाल्यावर. नामाही तेव्हाच बघेन.

रविवारी भाची येतेय. बायोसचा, म्हणजे सिस्टिम उघडण्याआधीच्या सेटिंगचा पडदा कुठलाच स्क्रीन रीडर वाचत नाही, तेवढ्यापुरते तिचे डोळे उसने. त्याआधी बॅकअप काढतोय.

मडगावकर, ते लेआउटचे दोन्ही शॉर्टकट तुमच्याकडे तयार असतील तर कमांड इथे टाका. मजकूर म्हणून टाका हं, स्क्रीनशॉट नको.