गिटलॅबच्या वेबहूकला लोकल नेटवर्क खुलं ठेवावं का?

वाळूज_ॲडमिन: वाळूज, चिकलठाण्यातल्या छोट्या कंपन्यांत गिटलॅब (कोड ठेवायचा सर्व्हर) आणि जेनकिन्स (कोडचं बिल्ड करणारं सॉफ्टवेअर) एकाच लॅनवर, म्हणजे ऑफिसच्या आतल्या नेटवर्कवर, असतात. वेबहूक, म्हणजे कोड बदलला की गिटलॅब दिलेल्या यूआरएलला आपोआप पाठवतो ती रिक्वेस्ट, जेनकिन्सला पोचेना की ॲडमिन > सेटिंग्ज > नेटवर्क > आउटबाउंड रिक्वेस्ट्समध्ये लोकल नेटवर्कची टिक मारून मोकळे होतात. ती टिक काढाच. तिच्यामुळं लॉगिन असलेला कुणीही सर्व्हरच्या आडून आतल्या मशीनपर्यंत पोचतो.

नांदेडकर: टिक काढली की बिल्ड ठप्प. गिटलॅब बाहेरून दिसतच नाही, क्लाउड नाही म्हणून १६९.२५४.१६९.२५४ वर (क्लाउडमधल्या मशीनला तिच्या किल्ल्या देणारा पत्ता) चोरायला किल्ल्याही नाहीत. वेबहूक नुसता पोस्ट (माहिती धाडणारी रिक्वेस्ट) पाठवतो, त्यातून काय वाचणार? पॅच (सुरक्षेची दुरुस्ती) वेळेवर मारा, बास.

वाळूज_ॲडमिन: वाचता येतं ना सर. प्रोजेक्ट काढणारा त्याचा मालक असतो, म्हणजे इंटर्नलाही वेबहूक लावता येतो. यूआरएलमध्ये आतला आयपी घालून टेस्ट दाबायचं. पोर्ट (मशीनवरच्या सर्व्हिसचं दार) बंद असेल तर लगेच ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’, फायरवॉलनं गिळलं तर टाइमआउट, वेब सर्व्हिस असेल तर तिचं उत्तर ‘रीसेंट इव्हेंट्स’मध्ये जसंच्या तसं.

आणि पोस्ट पुरतो. तैवानच्या सुरक्षा संशोधक ऑरेंज त्सायनं २०१७ मध्ये गिटहब एंटरप्रायझवर (कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवरचं गिटहब) हेच दाखवलं. १२७.०.०.१ (लोकलहोस्ट, म्हणजे मशीनचा स्वतःचाच पत्ता) अडवलेला होता, त्यानं होस्टच्या जागी नुसता ० लिहिला. लिनक्स तो स्वतःचाच पत्ता धरतं. तिथून ८००० पोर्टवरचं ग्राफाइट (आलेख काढणारं सॉफ्टवेअर), पुढं मेमकॅश (तात्पुरता डेटा ठेवणारी सर्व्हिस), आणि शेवटी सर्व्हरवर स्वतःचा कोड.

लातूर_डेवऑप्स: पॅचच्या भरवशावर राहणाऱ्यांनी सीव्हीई-२०२१-२२२१४ (सुरक्षेच्या त्रुटीचा नोंद क्रमांक) बघावा. १०.५ पासूनच्या गिटलॅबमध्ये, हीच टिक चालू असेल तर, सीआय लिंटच्या (बिल्डची फाइल तपासणाऱ्या) एपीआयमधून विनालॉगिन आत रिक्वेस्ट जायची. दुरुस्ती १३.१०.५, १३.११.५ आणि १३.१२.२ मध्ये आली.

बिल्डही थांबत नाही. त्याच पानावर परवानगीची यादी आहे, तिथं १९२.१६८.१.२०:८०८० असं पोर्टासकट लिहा. नुसता आयपी दिला तर त्या मशीनचे सगळे पोर्ट उघडे, /२४ (२५६ पत्त्यांचा पट्टा) दिला तर अख्खं ऑफिस. डीएनएस (नावावरून आयपी सांगणारी सेवा) रीबाइंडिंगचं संरक्षणही चालू ठेवा, नाहीतर तपासताना एक आयपी आणि जोडताना दुसरा असा डाव साधतो.

नांदेडकर: पोर्टाचं पटलं. पण घाईत कुणीही टिक परत मारतो, म्हणून खरा बंदोबस्त नेटवर्कवरच हवा. गिटलॅबच्या व्हीएमवरून (व्हर्च्युअल मशीन) जेनकिन्स ८०८०, एलडॅप (लॉगिनची यादी) ६३६, मेल ५८७ आणि डीएनएस एवढंच सोडा, बाकी ड्रॉप.

वाळूज_ॲडमिन: तेही कराच. पण नेटवर्कवरच्या फायरवॉलला लोकलहोस्ट दिसत नाही. ऑम्निबस (गिटलॅबचं सगळं एकत्र असलेलं पॅकेज) इन्स्टॉलमध्ये प्रोमेथियस (सर्व्हरवर देखरेख करणारं सॉफ्टवेअर) त्याच मशीनवर ९०९० ला असतो. टिक चालू राहिली तर तिथवरची वाट तुमच्या नियमांना न शिवता जाते.